लिंक्स बघायचा हट्ट आणि सोलापूरचा माळ : तीन दिवसांचं प्रवासवर्णन

माझा भाचा आठवीत आहे आणि गेलं वर्षभर त्याच्या डोक्यात लिंक्स सोडून दुसरं काही नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, लिंक्स म्हणजे थंड प्रदेशातलं मोठं रानटी मांजर, कानांच्या टोकाला काळ्या केसांचे झुपके, गालांवर कल्ले, आणि शेपूट एवढी आखूड की कुणीतरी अर्ध्यात कापली असं वाटावं. जगात चार जाती आहेत, युरेशियन, कॅनडातला, स्पेन-पोर्तुगालचा आयबेरियन आणि अमेरिकेतला बॉबकॅट. आपल्याकडे यातला फक्त युरेशियन, तोही मुख्यतः लडाखच्या बाजूला. त्यामुळे "मावशी, फेब्रुवारीत लडाखला जाऊ" हे पालुपद वर्षभर चालू होतं, आणि ते माझ्या रजेत आणि पैशांत दोन्हीकडे बसत नव्हतं. शेवटी सोलापूरच्या मामांशी फोनवर बोलताना हे सगळं निघालं तर मामा म्हणाले, "इकडं घेऊन ये की त्याला, हुरडा चालू हाय, आन् आमच्या माळावर रानमांजर दाखवतो, त्याच्याबी कानावर केस असतात की!"

भाच्यानं लगेच शोधाशोध केली आणि मामांचं म्हणणं खरं निघालं. रानमांजराच्या कानांच्या टोकाला खरंच छोटे काळपट झुपके असतात, आणि त्यामुळेच जुन्या इंग्रजी लिखाणात त्याला चक्क 'जंगल लिंक्स' म्हटलेलं सापडतं. नात्यानं तो लिंक्स नाही, आपल्या घरच्या मांजराच्या जास्त जवळचा. पण पोरगं तयार झालं, आणि जानेवारीत, संक्रांत होऊन गेल्यावरच्या शुक्रवारी आम्ही निघालो.

दिवस पहिला, शुक्रवार : पुणे ते सोलापूर

रस्ता चांगला आहे, अडीचशे किलोमीटर, थांबत थांबत पाच तास धरा. भिगवणच्या पुढं उजनीचं पाणी दिसायला लागलं की थांबायचा मोह होतो पण आम्ही तो परतीसाठी ठेवला.

टेंभुर्णी मागं टाकून मोहोळच्या अलीकडं एका टपरीवर चहाला थांबलो. भाचा पाय मोकळे करायला म्हणून सर्व्हिस रोडवर पुढं गेला आणि तिथूनच त्यानं मला हाक मारली. आवाजावरूनच काहीतरी झालंय हे कळलं. रस्त्याच्या कडेला, मुरमावर, एक मांजर मरून पडलं होतं. आधी मला ते साधं भटकं मांजर वाटलं. मग लक्षात आलं की पाय फारच लांब आहेत, अंगावर ना ठिपके ना पट्टे, सगळा रंग सुकलेल्या गवतासारखा, फक्त पुढच्या पायांवर आतल्या बाजूनं पुसट काळ्या रेघा, आणि आखूड शेपटीच्या टोकाकडं काळी वळी. भाचा उकिडवा बसला होता, हात न लावता बघत होता. कानाचं टोक वाऱ्यानं हलत होतं आणि त्या टोकावर काळ्या केसांचा एवढासा झुपका, रंगवायच्या बारीक ब्रशला असतो ना तेवढाच. ज्यासाठी निघालो होतो ते आम्हाला पहिल्याच दिवशी दिसलं, पण असं.

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मावशी, आयबेरियन लिंक्सपण असेच मरतात, गाडीखाली." स्पेनमध्ये लिंक्स वाचवायचं काम सुरू झालं तेव्हापासून रस्ता हा त्यांचा एक मोठा शत्रू ठरलाय, म्हणून तिथं रस्त्याखालून जनावरांना जायला भुयारी वाटा केल्यात, दोन्ही बाजूंना कुंपण घालून जनावर त्या वाटेकडंच वळेल असं बघितलंय. हे सांगता सांगता तो इकडं तिकडं बघत होता, आणि जेमतेम शंभर पावलांवर आम्हाला खरंच एक मोरी दिसली, ओढ्याचं पाणी जायला बांधलेली, माणूस वाकून जाईल एवढी उंच. पण तिचं तोंड प्लास्टिक, थर्माकोलच्या पत्रावळ्या आणि बांधकामाच्या राड्यारोड्यानं पार बंद झालेलं. त्यानं मोरीचा फोटो काढला, जवळच्या किलोमीटरच्या दगडाचा काढला आणि मग गाडीत येऊन बसला. चहा तसाच राहिला.

टपरीवाल्या दादांनी मुरमाच्या ढिगाऱ्याजवळ एक खड्डा करून दिला. मी पैसे द्यायला लागले तर "ऱ्हाऊ द्या ताई" म्हणाले.

सोलापुरात पोचेस्तोवर संध्याकाळ झाली. गड्ड्याची जत्रा चालू होती, होम मैदानाच्या बाजूला पाळण्यांचे दिवे आणि ही गर्दी. आम्ही आधी सिद्धेश्वराच्या देवळात गेलो. तळ्याच्या मधोमध ते देऊळ, पाण्यावरून येणारं गार वारं, मागं भुईकोट किल्ल्याची काळी भिंत. माझ्या लहानपणी आजी याच पायऱ्यांवर आम्हाला बसवायची. आजूबाजूला कन्नड, तेलुगू, मराठी, उर्दू सगळं एकाच वेळी कानावर पडतं, आणि एकच माणूस तीन भाषांत तिघांशी बोलतो याचं इथं कुणाला काही वाटत नाही.

मामींनी जेवायला ज्वारीच्या कडक भाकऱ्या, शेंगांची चटणी, भरलं वांगं, दही आणि शेवटी हुग्गी केली होती. खपली गव्हाची खीर म्हणजे हुग्गी, वरून गरम तूप. एरवी खाण्यावर तुटून पडणारा भाचा गप्प होता. मामांनी त्याला जवळ बसवलं आणि विचारलं, "काय बे, काय ते तुझं स्पेनचं, सांग की मला." तेव्हा कुठं तो खुलला.

त्यानं जे सांगितलं ते मलाही इतकं नीट माहीत नव्हतं. २००२ च्या सुमाराला मोजणी झाली तेव्हा आयबेरियन लिंक्स फक्त ९४ उरले होते, तेही दोनच जागी. हा प्राणी जवळजवळ सशांवर जगतो, एका मोठ्या लिंक्सला दिवसाला साधारण एक ससा लागतो. आणि स्पेनमध्ये १९५० च्या दशकात सशांत एक रोग आला, १९८० च्या दशकाच्या शेवटी दुसरा आला, ससे पटापट मेले. त्यात शिकार, सापळे, तोडलेली झुडपं, आणि रस्ते. ससा गेला तसा लिंक्स गेला. म्हणून वाचवताना नुसते पिंजऱ्यात लिंक्स वाढवून भागलं नाही, सशांची संख्या वाढवावी लागली, झुडपं राखावी लागली, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्यांच्या खासगी जमिनी होत्या त्यांच्याशी बसून बोलून करार करावे लागले. २००५ मध्ये प्रजनन केंद्रात पहिली पिल्लं झाली, पुढं अशी वाढवलेली जनावरं रानात सोडली. २०२३ च्या मोजणीत त्यांचा आकडा दोन हजारांच्या वर गेला, आणि २०२४ मध्ये आययूसीएननं, म्हणजे कुठल्या प्राण्याला किती धोका आहे याची जागतिक यादी ठेवणाऱ्या संस्थेनं, या लिंक्सला 'धोक्यात'मधून काढून एक पायरी खालच्या, 'असुरक्षित' गटात टाकलं.

मामा ऐकत होते. मग म्हणाले, "चौऱ्याण्णवचे दोन हजार. आन् आमचा माळढोक बघ." एवढं बोलून ते उठले आणि उद्याच्या पाण्याच्या बाटल्या भरायला लागले.

दिवस दुसरा, शनिवार : नान्नजचा माळ

पहाटे साडेपाचला निघालो. नान्नजचं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य सोलापूरपासून वीसेक किलोमीटर, बार्शी रस्त्यावर. थंडी मी म्हणत होती, दोन्हीकडच्या ज्वारीवर धुकं.

इथं जाणाऱ्यांनी काही गोष्टी लक्षात ठेवा. आदल्या दिवशीच वनखात्याकडं चौकशी करून ठेवा आणि स्थानिक गाईड घ्याच, त्यांच्या डोळ्यांना जे दिसतं ते आपल्या दुर्बिणीलाही दिसत नाही. भडक कपडे नकोत. सकाळी उजाडायच्या आत आणि दुपारी चारनंतर, मधल्या वेळात काही हलत नाही. माळावर सावली जवळजवळ नाही, त्यामुळे जानेवारीतसुद्धा टोपी आणि पाणी घ्या. आणि बूट घाला, कुसळं चपलेतून घुसतात आणि मग दिवसभर टोचत राहतात, मामींच्या साडीच्या काठाला लागलेली कुसळं आम्ही रात्री बसून काढली.

माळ पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं इथं काहीच नाही. मलाही लहानपणी तसंच वाटायचं. मग ऊन आलं आणि गवत सोनेरी झालं आणि एकेक गोष्ट उठून दिसायला लागली. आधी काळवीट, एक काळाभोर नर मान मागं टाकून उभा आणि मागं पंधरा-वीस माद्या. मग गवतावरून अगदी खाली तरंगत जाणारा भोवत्या, हे शिकारी पक्षी मध्य आशियाकडून हजारो किलोमीटर उडून हिवाळ्यात आपल्या माळांवर येतात आणि रात्री झाडावर न बसता गवतातच झोपतात. धाविक पक्ष्यांची जोडी तुरुतुरु पळाली. एक खोकड, म्हणजे माळावरचा छोटा कोल्हा, बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसलं होतं, आमच्याकडं बघून जांभई दिली. पाणवठ्याजवळच्या मऊ मातीत गाईडकाकांनी लांडग्याचा ताजा माग दाखवला, भाच्यानं शेजारी स्वतःचा पंजा ठेवून मोजलं.

माळढोक दिसला नाही. दिसेल अशी आशाही कुणी दाखवली नाही. हे अभयारण्य १९७९ मध्ये झालं ते याच पक्ष्यासाठी, पंधरा किलोपर्यंत भरणारा, उडणाऱ्या पक्ष्यांतला जगातल्या सगळ्यात जडांपैकी एक. माझ्या आईनं लग्नाआधी याच रस्त्यावरून एसटीच्या खिडकीतून बघितलेला. आज सगळ्या देशात मिळून दीडशेच्या आसपास उरलेत, बहुतेक राजस्थानात. गाईडकाका मचाणावर उभे राहून सांगत होते आणि त्यांचा आवाज बोलता बोलता बारीक होत गेला. अभयारण्य आधी कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, त्यात गावंच्या गावं, लोकांच्या खासगी जमिनी, बाजारपेठा, सगळं आलं. लोकांना आपल्याच जमिनीचे व्यवहार करताना अडचण यायला लागली आणि बिचाऱ्या पक्ष्याबद्दल राग बसला. पुढं ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. मधल्या काळात माळ म्हणजे पडीक जमीन, झाडं लावली की सुधारली, या समजुतीनं गवताळ जागांत गिरिपुष्पाची झाडं लागली. माळढोकाला लांबवर मोकळं दिसायला लागतं, त्याच्या डोळ्यासमोर आपण भिंत उभी केली. विहिरी-बोअर झाल्या, ऊस वाढला, विजेच्या तारा आल्या, आणि एवढा जड पक्षी समोरची तार वेळेत चुकवू शकत नाही.

रात्रीचं करारांचं बोलणं मला इथं आठवलं. स्पेनमध्ये लिंक्स ज्या जमिनीवर होता त्या जमिनीच्या मालकाला आधी विश्वासात घेतलं. आपल्याकडं पक्षी वाचवायची तळमळ खरी होती, माणसं राबली, आजही राबतायत, पण माळावर राहणाऱ्याला त्यात आपलं काही वाटावं असं व्हायला फार उशीर झाला. हे माझं मत आहे, आणि मचाणावरून खाली उतरेपर्यंत ते पक्कं झालं होतं.

परतताना एका बांधाला धनगरांचा मुक्काम लागला. काळ्या दख्खनी मेंढ्या, जाळीचं वाडगं, दोन घोडी, तीन दगडांच्या चुलीवर चहा. म्हातारे आज्जा घोंगडं पांघरून बसले होते, आम्हाला बसा म्हणाले. भाच्यानं त्यांना फोनवर लिंक्सचा फोटो दाखवला. त्यांनी फोन लांब धरून बघितला आणि म्हणाले, "बाऊल हाय की ह्यो. लई माजलेला." रानमांजराला ते बाऊल म्हणतात. त्यांनी आयुष्यात कितीतरी बघितलेत, कोकराच्या वाटेला गेलेला एकही नाही. लांडग्यानं मागच्या वर्षी दोन कोकरं नेली, त्याचं त्यांना दुःख होतं, पण राग म्हणाल तर त्यांनी बोट दाखवलं ते रस्त्याकडं. "ती गावची कुत्री. ढाब्यावरचं खात्यात, रातीला टोळीनं येत्यात. लांडगा पोटापुरतं नेतो. कुत्रं दहा मारतंय आन् एक खातंय." हीच कुत्री खोकडाची, रानमांजराची पिल्लं फाडतात, काळवीट पळवून दमवून मारतात, रोग पसरवतात. गाईडकाकांनी मान हलवली. वाघ-बिबट्याचं सगळे बोलतात, पण माळाला आज सगळ्यात जवळचा धोका उघड्यावरच्या उकिरड्यातून आलाय हे मला तोवर माहीत नव्हतं.

दुपारी घरी येऊन धपाटे-दही खाऊन सगळे आडवे झालो. संध्याकाळी मामींबरोबर चादरी घ्यायला गेलो. सोलापुरी चादर घेणार असाल तर हातात घेऊन वजन बघा आणि उलटी करून बघा, खऱ्या चादरीवर नक्षी दोन्हीकडून दिसते, रंग उलटे होऊन.

दिवस तिसरा, रविवार : हुरडा आणि ज्वारीच्या कडेला

मामांच्या मित्राचं शेत बार्शी रस्त्यापासून आत आहे. हुरड्याला लोक दहा-अकराला जातात, मामांनी आम्हाला सहालाच नेलं. म्हणाले, उजाडताना ज्वारीच्या बांधावर गप बसायचं, बोलायचं नाही, मोबाईल बंद.

शाळूची ज्वारी माझ्या डोक्याच्या वर. बांधापलीकडं दोन एकराचा माळाचा तुकडा, त्यांनी मुद्दाम नांगरला नाही, गुरांना गवत होतं म्हणून. आम्ही बाभळीखाली बसलो. अर्धा तास नुसते चंडोल. माझे पाय बधिर झाले. आणि मग भाच्यानं माझा हात दाबला.

ज्वारी आणि गवत यांच्या मधल्या पायवाटेवर ते उभं होतं. कधी आलं कळलंच नाही. सूर्य त्याच्या मागं होता त्यामुळे अंगाची कड पेटल्यासारखी दिसत होती, आणि कान उभे, आणि त्या कानांच्या टोकांवर ते दोन बारीक झुपके उजेडात स्पष्ट. एक कान आमच्याकडं वळला, दुसरा गवताकडं. मग ते आमचा नाद सोडून गवताकडं बघत राहिलं, मान किंचित तिरकी, नुसतं ऐकत होतं. मिनिटभर तरी. मग चारही पाय एकदम हवेत, कमान करून वरून खाली, तोंड गवतात. डोकं वर आलं तेव्हा दातांत उंदीर, शेपूट लोंबत होती. इकडं तिकडं बघितलं आणि लांब पायांनी संथ चालत ज्वारीत शिरलं. कणसं हलत गेली ती थोडा वेळ दिसत राहिली.

मामांच्या मित्राला आम्ही धावत जाऊन सांगितलं तर ते म्हणाले, "आमचं ते रोजचंच हाय." राजस्थानातल्या सरिस्काला झालेल्या अभ्यासात एक रानमांजर दिवसाला तीन ते पाच उंदीर खातं असा अंदाज निघाला होता. भाच्यानं तिथंच वर्षाचा गुणाकार केला, हजाराच्या वर. काकांनी तो आकडा दोनदा विचारून घेतला, आणि उंदीर मारायच्या औषधाला किती पैसे जातात तो हिशोब स्वतःहून मांडला. असं औषध खाल्लेला उंदीर रानमांजरानं किंवा घुबडानं खाल्ला तर तेही मरू शकतं, हे सांगितल्यावर ते गप्प झाले, मग म्हणाले, "बांधावर नाही टाकणार इथून पुढं."

मग हुरडा. खड्ड्यात गोवऱ्यांची आगटी, त्यात खुपसलेली कणसं, हातावर चोळून काढलेले हिरवे गरम दाणे, सोबत शेंगांची चटणी, गूळ, दही, बोरं. तळहात भाजतात पण चोळायचा मान पाहुण्यालाच देतात. खाऊन लगेच पाणी पिऊ नका, वर ताक घ्या.

शेजारच्या फडात ऊसतोड चालू होती. टोळीतल्या एक मावशी विस्तव मागायला आल्या आणि आमचं बोलणं ऐकून बसल्या. मागच्या हंगामात दुसऱ्या एका फडात त्यांच्या कोयत्यापुढं रानमांजराची तीन पिल्लं आली होती, डोळेसुद्धा नीट उघडले नव्हते. बायांना वाटलं आई टाकून गेली, कुणी म्हणालं वस्तीवर नेऊ, दूध पाजू. या मावशींनी नेऊ दिलं नाही. "माझं लेकरू कोपीत ठिवून मी फडात येते. म्हनून काय टाकलं का मी त्याला?" त्यांनी तेवढा कोपरा उभा ठेवायला लावला, आणि सकाळी बघितलं तर आईनं तिन्ही नेली होती. ऊस तोडताना अशी पिल्लं दिसली तर हेच करायचं असतं, हात न लावता लांब व्हायचं, कुत्री लांब ठेवायची आणि वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाईनला कळवायचं, वाघाटीची (हे ठिपक्यांचं छोटं रानटी मांजर) किंवा बिबट्याची पिल्लं असली तरीसुद्धा. भाच्यानं त्यांचं म्हणणं शब्द न शब्द वहीत लिहून घेतलं.

परतीला मोहोळच्या पुढं त्याच टपरीवर थांबलो, या वेळी चहा प्यायलो. भाच्यानं टेप आणली होती मामांकडून. मोरीची उंची आणि रुंदी मोजली, तोंड किती अडलंय ते मोजलं, टपरीवाल्या दादांना विचारलं की वर्षात अशी किती जनावरं इथं मरतात. त्यांनी बोटांवर मोजलं, रानमांजर हे दुसरं, खोकड तीन, एक ससा, कुत्री तर सोडूनच द्या. सगळं रात्रीच, सगळं ओढ्याच्या या शंभरेक पावलांत.

घरी आल्यावर त्यानं पत्र लिहिलं. एक वनखात्याला, एक रस्त्याचं काम बघणाऱ्या ऑफिसला. मी फक्त शुद्धलेखन बघितलं. मोरी साफ करून द्यावी, दोन्ही बाजूंना पन्नास पन्नास पावलं जाळीचं कुंपण घालावं, आणि राडारोडा टाकू नये असा बोर्ड लावावा, एवढ्या तीन मागण्या, सोबत फोटो आणि मापं. मंगळवारी रजिस्टरनं टाकलं. झेरॉक्स मामांना पाठवलीय, ते आणि टपरीवाले दादा येत्या रविवारी तोवर निदान प्लास्टिक तरी काढतो म्हणालेत.